कमळाच्या खोलीतले पाहुणे

उएहारा आजोबांनी दारात बूट काढले, जिन्याजवळच्या लाकडी खांबावरून हात फिरवला आणि बायकोला, हारुए आजींना, म्हणाले, "बघ, काहीएक बदललेलं नाही."

मित्सुए उंबऱ्याशी गुडघे टेकून स्वागताला वाकली होती. तो खांब तिच्या नवऱ्याने वारायच्या थोडं आधी नवा बसवून घेतला होता. पण इवागासेच्या गरम झऱ्यांवर येणारी गर्दी केव्हाच आटली होती. तिच्या कामेया विश्रामगृहात त्या आठवड्यात हे दोघंच पाहुणे होते. लग्नानंतरचा पहिला प्रवास पुन्हा एकदा करायचा म्हणून नागोयाहून एवढ्या लांब आलेल्या म्हाताऱ्या माणसाला दारातच खोटं कसं पाडायचं? ती म्हणाली, "हो ना. आहे तसंच ठेवलंय सगळं."

सगळा घोळ या "हो ना"पासून सुरू झाला.

"मग आम्हाला आमची कमळाचीच खोली द्या," आजोबा म्हणाले.

कामेयातल्या खोल्यांना पहिल्यापासून झाडांची नावं होती. देवदार, बांबू, जर्दाळू. कमळ कुठेच नव्हतं. मित्सुएने दोघांना चहा दिला, वर धावत जाऊन 'बांबू'ची पाटी उतरवली, उलटी केली आणि मागच्या बाजूला कुंचल्याने 'कमळ' असं लिहून टाकलं. केस वाळवायच्या यंत्राने शाई वाळवत होती, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हारुए आजींनी पाटीला प्रेमाने बोट लावलं. बोट काळं झालं.

"पाटी नुकतीच रंगवलीत वाटतं?"

"दरवर्षी हात फिरवतो," मित्सुए म्हणाली.

"आणि ते तुमचे यजमान?" आजोबांनी विचारलं. "जेवताना नावाड्याचं गाणं म्हणायचे ते. आहेत ना?"

आता मात्र मित्सुएच्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या नवऱ्याला सूर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. गाणारे मालक होते नदीच्या पलीकडच्या काठावरच्या त्सुरुया विश्रामगृहाचे, तोकुजिरोसान. या लोकांनी मुक्काम केला होता तो त्सुरुयात. आणि त्सुरुया पाडून आता तिथे गावाने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाय बुडवून बसायचं कुंड बांधलं होतं.

तिने खरं सांगायला तोंड उघडलं. आजोबा इतक्या आशेने बघत होते की तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "गावात गेलेत. येतील संध्याकाळपर्यंत."

मित्सुए पूल ओलांडून गेली, तेव्हा तोकुजिरोसान आपल्या परसात मुळ्याला पाणी घालत होते. त्यांच्याशी बोलून मित्सुएला एक जमाना झाला होता. कामेयाचं पाणी झऱ्याचं नाही, कोळशावर तापवलेलं आहे, असं त्यांनी बसथांब्यावर पाहुण्यांना सांगितलं होतं, तेव्हापासून.

"या, सूनबाई," ते मागे न वळता म्हणाले. मित्सुएने साठी ओलांडली होती, पण पलीकडच्या काठाला ती अजून कामेयाची नवी सूनच होती. "काय, कोळसा संपला?"

मित्सुएने राग गिळला आणि सगळी हकीकत सांगितली. झारीतलं पाणी एकाच मुळ्यावर पडत राहिलं.

"माझं गाणं आठवतंय म्हणाले?"

"गाण्याचंच विचारत होते."

"पण तुमच्या घरात मी मालक म्हणून बसायचं?"

"एक संध्याकाळ. जास्त मालकी गाजवू नका म्हणजे झालं."

घरी येऊन मित्सुएने देव्हाऱ्यातला नवऱ्याचा फोटो भिंतीकडे वळवला. "एवढी संध्याकाळ सांभाळून घ्या," ती पुटपुटली.

तोकुजिरोसान आले ते कापराचा वास मारणारा काळा रेशमी अंगरखा घालून, आणि आल्याआल्या मालकी गाजवू लागले. साकेची दारू कोमट आहे, फुलदाणी वाकडी आहे, उशा कुठल्या जमान्यातल्या आहेत. मित्सुए दात आवळून "हो" म्हणत राहिली. मग सुती किमोनो घालून, खांद्यावर पंचा टाकून आजोबा स्नानाला निघाले. "चला, मी दाखवतो," म्हणत तोकुजिरोसान पुढे झाले, झपझप चालत डावीकडे वळले आणि त्यांनी ऐटीत दार सरकवलं. त्सुरुयात स्नानगृह डावीकडे होतं. कामेयात तिथे गाद्यांचं कपाट होतं. वरची गादी घरंगळून आजोबांच्या अंगावर आली.

"पूर्वी इथेच होतं ना हो स्नानगृह?" गादीखालून आजोबांनी विचारलं.

"इथेच होतं," तोकुजिरोसान ठामपणे म्हणाले. "हिने हलवलं. माझं कोण ऐकतं या घरात?"

जेवणाच्या वेळी मात्र मित्सुएचा राग कुठल्या कुठे गेला. नदीतले भाजलेले मासे संपले आणि तोकुजिरोसान डोळे मिटून नावाड्याचं गाणं म्हणू लागले. आवाज फाटला होता, पण खिडकीबाहेर नदी होतीच साथीला. मित्सुएला एकदम तो जुना पूल दिसला. संध्याकाळी लाकडी खडावांचा खडखडाट, दोन्ही काठांवरून फिरायला निघालेले पाहुणे, आणि बसथांब्यावर तांबडी आणि निळी पताका घेऊन पाहुणे पळवायला उभे असलेले दोघे मालक. तेव्हा त्सुरुयाच्या त्या तांबड्या पताकेचा किती संताप यायचा. आज ती नुसती दिसली असती तरी चाललं असतं.

"मी इथल्या ओसरीत घसरून पडले होते," हारुए आजी डोळे टिपत म्हणाल्या. "नव्या नवरीची काय ती शोभा झाली."

"आठवतंय की," तोकुजिरोसान म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते. "डावा पाय मुरगळला होता."

"उजवा."

"उजवाच. माझ्या आईने लेप लावला. तुम्ही रडत होता आणि हे पंखा घेऊन तुमच्या पायाला वारा घालत होते."

"मी पंखा घेतला होता?" आजोबांनी कौतुकाने विचारलं. "मग असेल."

सकाळी निरोपाला तोकुजिरोसान पुन्हा हजर झाले. निघताना आजोबांनी मालक-मालकिणीला शेजारी-शेजारी उभं करून फोटो काढला. "आणखी जवळ उभे राहा की," आजी म्हणाल्या. "इतक्या वर्षांच्या संसारानंतर कसली लाज?" दोघंही फोटोत ताठ, लालबुंद आले.

दुपारी फोन आला. आजोबांचा आवाज अगदी पडलेला होता.

"मालकीणबाई, माफी कशी मागू कळत नाही. आम्ही सहज घाट ओलांडून पलीकडच्या गावात आलो, तर इथेही पूल, इथेही नदी. आणि विश्रामगृहात कमळाची खोली. मालकांचा मुलगा तेच गाणं म्हणतो. आम्ही तुमच्याकडे कधी आलोच नव्हतो हो. तुमच्या लक्षात आलं असणार, पण तुम्ही दोघांनी चांगुलपणाने बोलून दाखवलं नाही." मग हळूच म्हणाले, "इथली उशी मात्र दगडासारखी आहे. शरदात तुमच्याकडेच येऊ म्हणते ही."

मित्सुए पूल ओलांडून गेली. तोकुजिरोसान त्सुरुयाच्या जागेवरच्या कुंडात पाय सोडून बसले होते. अंगरखा अजून अंगावरच होता. तिने सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं.

"मग ती कोण होती?" ते म्हणाले.

"कोण?"

"माझ्या ओसरीत घसरली ती. लेप माझ्या आईने लावला, माझ्या देखत."

मित्सुएने चपला काढल्या, किमोनो घोट्यावर सावरला आणि पाय पाण्यात सोडले. "असेल कुणी ओसाकाची. तेव्हा ओसाकाची नुकती लग्नं झालेली पोरं फार यायची."

"ओसाकाची नव्हे. बोली वेगळी होती."

"आमच्याकडेही एक नवरी घसरली होती."

"तुमच्याकडे कशाला घसरेल? तुमच्या ओसरीला कधी मेण लावलं होतं का?"

"तुमच्या मेणानेच तर बिचारीचा पाय गेला."

"पाय मुरगळला, सूनबाई. उगाच वाढवून सांगू नका. आणि ते तुमचं पाणी—"

"माझ्या पाण्याचं नाव काढाल तर उठून जाईन," मित्सुए म्हणाली. पण ती उठली नाही. पाणी छान गरम होतं, आणि त्या नवरीचं नाव दोघांनाही अजून आठवायचं होतं.