मोरिशिगे यांच्या न्हाणीत बुरशीवर जाहल्या मोहिमेची हकीकत

पूर्वी दौलती तलवारीने जात. हल्ली टबाच्या सांध्यांवरून जातात. हे ज्यांस खोटे वाटेल त्यांनी पुढील मजकूर चित्त देऊन वाचावा. ज्यांस खरे वाटेल त्यांनी आधी आपली न्हाणी पाहून यावी.

कानाझावा शहरी राजश्री तात्सुओ मोरिशिगे, उमर चौऱ्याहत्तर, पेशा पूर्वी शाळेत भूगोल शिकविणे, दोन खोल्यांच्या दौलतीवर एकटेच अंमल करीत होते. पत्नी फुमिए निवर्तून वर्ष होत आले, तो वर्षश्राद्धास कन्या चिझुरु येणार म्हणोन फोनवर फर्मान आले, ते ऐसे:

"बाबा, शनिवारी पाचला पोचते. आल्या आल्या आंघोळ करणार. आणि घर धड दिसलं नाही, तर या खेपेला तुमचं ऐकणार नाही. बॅग भरून सोबत नेणार."

पाहुण्यास टबातले पहिले ऊन पाणी द्यावे हा त्या मुलखाचा कायदा. म्हणजे तपासणी न्हाणीपासूनच सुरू होणार. ज्याने चाळीस वर्षे पोरांकडून जगातील नद्या पाठ करविल्या, त्याची अक्कल टबाच्या कडेवरून जोखावी, ऐसा त्या काळचा न्याय होता. आणि तो करणारी मंडळी स्वतःस मायाळू म्हणवीत.

शनिवारी दोन प्रहरी राजश्रींनी डोळ्यांस चष्मा लावून टबाचे झाकण प्रथमच निरखिले, तो खाचाखाचांत काळी बुरशी. फुमिएबाईंची रीत ऐसी, की रात्री बाहेर अंग धुऊन मग टबातल्या एकाच पाण्यात सर्वांच्या आंघोळी व्हाव्या, मग वर झाकण घालावे आणि सकाळी त्याच पाण्यात कपडे धुवावे. त्यांच्यामागे राजश्रींनी झाकण घालण्याची निम्मी रीत निष्ठेने चालविली आणि कपड्यांची निम्मी विसरले. तेच पाणी रोज तापवून चार चार दिवस झाकलेले राही. त्या उबेत गनीम पोसला, झाकणाच्या खाचांत ठाणी बसविली, सांध्यांत मोर्चे बांधिले आणि टबाच्या कडेवर काळे निशाण चढविले.

मग राजश्रींनी मसलत केली. कपाटात बुरशी मारण्याचे ब्लीच होते, मुदपाकात सुशीच्या भातात घालावयाचे व्हिनेगर होते. दोन्ही फौजा एक केल्यास गनीम नामोहरम होईल, ऐसे मनी आणून व्हिनेगर घमेल्यात ओतिले, अब्रू बाहेर जाऊ नये म्हणोन खिडकी लाविली, वाफेने धुरकटला चष्मा काढून ठेविला आणि ब्लीचचे टोपण फिरविले. इतक्यात शेजारीण सुगी उरानो गल्लीत घरोघरी फिरणारी सूचनांची पाटी घेऊन दारी आली, आणि वास येताच थेट न्हाणीत शिरली.

"मोरिशिगेसान, न्हाणीत सुशी करताय की काय?"

"बुरशी मारतोय. दोन्ही एकत्र ओततो, एकदमच निकाल."

"तुमचाच निकाल लागेल! बाटलीवर काय लिहिलंय एवढं मोठ्ठं?"

"चष्मा बाहेर आहे."

"आणि डोकं? ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं की विषारी वायू होतो. मुलीला एकाच दिवशी दोन श्राद्धं घालायला लावता का? द्या ते घमेलं इकडे!"

मग बाईंनी व्हिनेगरास मुदपाकाच्या मोरीत हद्दपार केले, घमेले खळखळून धुतले, खिडकी सताड उघडिली, पंखा चालविला आणि राजश्रींस मुखपट्टी, हातमोजे व चष्मा ऐसे चिलखत चढविले. टबाचे बूच उपसताना राजश्रींचा हात अडला. फुमिएबाईंच्या राज्यात पाणी ऐसे फुकट सोडिले नव्हते. तरी उपसले. आणि एकटे ब्लीच, डोक्यावर न उडविता, खालच्या अंगाने फवारिले, सांध्यांवर कागदी पट्ट्या भिजवून डकविल्या, अर्धा तास बाहेर तळ दिला, मग थंड पाण्याने तीनदा धुऊन, ब्रशाने खाच न खाच घासून, फडक्याने कोरडे केले. काळे निशाण उतरले.

पाचास चिझुरु दाखल जाहली, न्हाणीत गेली, आणि तासभर बाहेर आली नाही. राजश्री दाराशी बसोन कान देत होते. अखेर ती लाल तोंडाने, केस पुशीत आली.

"बाबा, झाकणाच्या खाचा कशानं घासल्यात?"

"का? राहिलं काही?"

"राहिलं कुठं! आमचं झाकण काळंठिक्कर आहे. बघवत नाही, म्हणून मी बघतच नाही." मग टॉवेल खांद्यावर टाकोन, "पुढच्या रविवारी याल?"

"राहायला?"

"घासायला हो. संध्याकाळच्या गाडीनं परत या."

राजश्रींनी तह कबूल केला आणि दुसऱ्या आंघोळीस उतरले. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, श्राद्धाआधी त्याच पाण्यात उभयतांचे कपडे धुतले, वर्षभराने प्रथमच. मग बूच उपसले आणि झाकण खिडकीशी उभे सुकत ठेविले.

मोहीम फत्ते. दौलत मालकाकडे कायम. बॅग माळ्यावर, रिकामी असे.