दगडावरचा रुमाल

सानगडीहून सायकल मारत गेलं, की चुलबंद नदीच्या काठी, जंगलाला लागून, दोन सपाट दगड आहेत. दर रविवारी सकाळी तुळशीरामजी तिथे पोचतात, एका दगडावर इस्त्री केलेला पांढरा रुमाल पसरतात आणि दुसऱ्यावर बसून मासे धरायला पाण्यात गरी टाकतात. रुमालाच्या दगडावर कुणालाही बसू देत नाहीत.

"जागा धरून हाये," एवढंच म्हणतात.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी लक्षही दिलं नसतं. पण आमचे हे शेजारी एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, आणि रुमालाचे हाडवैरी! बस फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल, टोपी, भाजीची पिशवी, जे हाती लागेल ते आत टाकून जागा धरत. तुळशीरामजी आधी तो माल गोळा करत, मगच तिकिटं फाडत. कुणी हुज्जत घातली तर ठरलेलं उत्तर मिळे, "ज्याचं बूड, त्याची सीट!" खुद्द सरपंचांची टोपी त्यांनी शेवटच्या थांब्यापर्यंत काखेत ठेवली होती.

कंडक्टरकी अजून अंगातून गेलेली नाही. माशाने कणीक खाऊन गरीला हुलकावणी दिली, की ते "फुकट सवारी!" म्हणून ओरडतात. मासा लागला, की "टिकट फाटली!" त्या आरोळीने पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात, मग मासे काय थांबणार? तरी "औंदा मासोळीच कमी झाली, मास्तर," असं मलाच ऐकवतात. घरी निघताना तोंडाने दोनदा टिंग टिंग करतात, तेव्हाच मी सायकलवर टांग टाकायची.

मी जातो तो निव्वळ सोबतीला. गुडघे दुखतात म्हणून जांभळीच्या मुळावर टेकतो. तिथे मुंगळे आहेत. आणि समोर रुमाल मजेत दगडावर बसलेला असतो!

तो रुमाल कुणासाठी, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. रिटायर झाल्यावर ते दोघं, म्हणजे तुळशीरामजी आणि सुमनकाकू, जोडीने इथे येत. काकू गप्प बसत, त्यामुळे मासे त्यांनाच लागत. मग पुण्याच्या मुलीला बाळ झालं आणि काकू तिकडे गेल्या. नातू चालायला लागला की येते, म्हणाल्या होत्या. आता तो शाळेत जातो.

मागच्या रविवारी नदीवरच काकूंचा फोन आला. तुळशीरामजींनी गरी तशीच सोडून दोन्ही हातांनी फोन धरला. त्यांना फोनवरही ओरडूनच बोलायची सवय, आणि स्पीकर सुरू, त्यामुळे अख्ख्या जंगलाला ऐकू येत होतं.

"अवं, तिकीट काढू का दिवाळीचं? मी येतो घ्यायले."

"औंदा नाई जमत जी," काकू म्हणाल्या. "पोरीची ड्युटी बदलली. लेकराले शाळेतून कोन आनन?"

"मंग होळीले?"

"पाहू ना. तुमी येळेवर जेवत जा."

फोन बंद झाला. वातावरण हलकं करावं म्हणून मी मुंगळे झटकत म्हणालो, "आता काकू काही येत नाहीत. मला बसू द्या तिथे. ज्याचं बूड, त्याची सीट ना?"

ते हसले नाहीत. सोडलेली गरी परत हातात घेतली.

"एकदा साकोलीहून माह्याच गाडीत बसली होती तुमची काकू," म्हणाले. "बसली कायची, उभी होती. कडेवर पोरगी, हातात थैली. कोनी रुमाल टाकून सीट धरली होती, थो रुमाल मीच उचललो अन् दुसऱ्याच मानसाले बसवलो. घरच्या बाईले सीट देल्ली तं लोक काय म्हनतीन? सानगडीवरी उभी आली. एका शब्दानं नाई बोलली, मास्तर. बोलली असती तं बरं झालं असतं."

ते उठले, आपला दगड हाताने झाडला आणि म्हणाले, "तुमी इथं बसा."

"आणि तुम्ही?"

"कंडक्टरले उभं राहाची सवय असते."

मला बसवेना, पण त्यांनी खांद्याला धरून बसवलंच. वाऱ्याने रुमालाचा एक कोपरा दुमडला होता. वाकून त्यांनी तो सरळ केला, वर एक गोटा ठेवला. मग जांभळीला पाठ टेकून, चालत्या गाडीत कंडक्टर उभा राहतो तसे पाय फाकवून, ते गरी धरून उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी त्यांनी टिंग टिंग केलं नाही.