पन्नासाव्या वर्षीची उंची

जमीन कशी आहे हे जमिनीला विचारू नये. तिच्यावरच्या सर्वांत उंच झाडाला विचारावं. वनशास्त्राचा हा पाया असून तो अत्यंत न्याय्य आहे. (इथे अमेरिकेतल्या मेन राज्यात मी चाळीस वर्षं शाळा चालवली. तिची तपासणीही याच तत्त्वावर होई.)

पद्धत मुलांनाही समजेल अशी आहे. सर्वांत उंच, सरळ, धडधाकट झाड निवडायचं. गिरमिटाने खोडातून बारीक काडी काढून वलयं मोजायची. वय मात्र झाड माणसाच्या छातीला लागलं तिथपासून धरायचं. त्याआधीचं बालपण बेभरवशाचं असल्यामुळे हिशेबात घेत नाहीत. मग वय आणि उंची आलेखावर मांडली की पन्नासाव्या वर्षी झाड किती उंच असेल ते आजच कळतं. झाडाने तोवर थांबण्याची गरज उरत नाही.

आमच्या शाळेमागे पांढऱ्या पाइनची चारशे बारा झाडं होती. शाळेची स्वयंपाकीण लोरेन डुबे हिने ती मुलांकडून लावून घेतली होती. गावसभेने ठराव केला: जमीन हलक्या प्रतीची निघाली तर रान तोडून खडीचा साठा करावा. मध्यम निघाली तर रान राहू द्यावं. उत्तम निघाली तर एवढ्या चांगल्या जमिनीवर असली झाडं शोभत नाहीत. ती तोडून सुधारित रोपं लावावीत.

मोजणीला ऑरिन पेल्की आला. तोही लोरेनच्याच हातचं खाऊन वाढलेला.

“लोरेनकाकू, चारशे अकरा झाडांचे शेंडे भुंग्याने खाल्लेत. दोन-दोन फाटे फुटलेत त्यांना. ही धरता येत नाहीत.”

“का रे? जमीन तीच ना?”

“ही धरली तर जमिनीची उगाच बदनामी होते. नियमात हे एकच बसतं.” त्याने कोपऱ्यातल्या ताडमाड झाडावर हात ठेवला.

“मेल्या, तिथे जुन्या शाळेचा संडास होता! तुझ्या बापानेही हातभार लावलाय त्या उंचीला.”

ऑरिनने तक्ता दोनदा चाळला. संडासाचा रकाना नव्हता.

“मग मध्यम लिही ना, सोन्या. एवढंच मागतेय.”

“काकू, आकडा मी लिहीत नाही. आलेख सांगतो.”

आलेखाने सांगितलं: पन्नासाव्या वर्षी ब्याऐंशी फूट. जमीन उत्तम. गावसभेने टाळ्या वाजवून जमिनीचं अभिनंदन केलं आणि सोमवारी करवती आल्या. पहिलं तेच झाड पडलं. पन्नासाव्या वर्षीच्या उंचीबद्दल, अडतिसाव्या वर्षी. लोरेनकाकू पायरीवर बसून संध्याकाळपर्यंत बघत होती.

ही हकीकत सांगितली की लोक हळहळतात. वाचकहो, तुम्हीही आता म्हणालात, “अरेरे, एवढं उंच झाड!”

बाकीच्या चारशे अकरांबद्दल अजून कोणी हळहळलेलं नाही.