न फुटणाऱ्या ताटल्या

लितिआनाने तिसरी ताटली दुकानाच्या फरशीवर टाकली तेव्हा जयंतीभाईंनी डोळेच मिटून घेतले. ताटली टण्णकन उडाली, गिरकी घेऊन पालथी पडली आणि तशीच्या तशी राहिली.

"ताई, फुटली तर घ्यावी लागेल हं," जयंतीभाई कापऱ्या आवाजात म्हणाले.

"फुटली तर कशाला घेऊ? न फुटणारीच तर शोधतेय मी!"

लितिआनाचं माहेर भरलेलं होतं, पण माहेरची भांडी म्हणजे नुसता गोंधळ. जेवायला बसलं की कुणापुढे बशी, कुणापुढे वाडगा आणि उशिरा येणाऱ्यापुढे पातेल्याचं झाकण. तेव्हापासून तिने मनाशी ठरवलं होतं की आपल्या घरी चटईवर पांढरं कापड अंथरायचं आणि त्यावर एकसारख्या ताटल्यांची रांग लावायची. आता नौसोरी गावात नदीकाठी दोन खोल्यांचं घर झालं होतं आणि पुढच्या रविवारी चर्चहून सासूबाई पहिल्यांदाच जेवायला येणार होत्या. "बघू तरी, घर कसं लावलंयस," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, पण तेवढ्यावर लितिआनाची झोप उडाली होती.

निळ्या काठाच्या डझनभर मेलामाइनच्या ताटल्या घरी आल्या. तिचा नवरा वाइसाके विमानतळावर सामान चढवायचा, त्यामुळे काय कसं फुटतं याचा त्याला दांडगा अनुभव होता. त्याने एक ताटली आपटली, तिच्यावर उभा राहिला, मग उडी मारली. ताटली हूं की चूं करेना.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्याच संध्याकाळी चुलतभाऊ सेमी मुळ्या कुटून केलेली यांगोना प्यायला आला आणि वाइसाकेच्या पोटात काही राहीना. त्याने ताटली ओट्यावरून थेट अंगणात भिरकावली.

"बघ! हत्ती नाचला तरी काही व्हायचं नाही."

सेमीने ताटली उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि दोन्ही हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "दादा, केरेकेरे. चार दे ना. आमची पोरं रोज एक फोडतात रे."

झालं! नात्यातला माणूस 'केरेकेरे' म्हणाला की द्यायचं. कपाळाला आठी घालायची नाही, कधी परत देतोस म्हणून विचारायचं नाही. लितिआनाने हसत हसत चार ताटल्या दिल्या आणि आत जाऊन नवऱ्याला एक चिमटा काढला.

सेमीच्या घरी ताटल्या काही फुटल्या नाहीत आणि तेच नडलं. बातमी पसरली आणि मंगळवारी वाइसाकेचे मामा आले. बिचारे रिकाम्या हाताने आले नव्हते, अळूच्या कंदांची जुडी घेऊन आले होते, त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती. ते तीन घेऊन गेले. उरलेल्या ताटल्या लितिआनाने गादीखाली लपवल्या. शुक्रवारी वाइसाकेची आत्या आली, दमले गं बाई म्हणत नेमकी गादीवरच बसली आणि लगेच उठली.

"काय टोचतंय गं हे?"

आत्या दोन घेऊन गेली. तीन उरल्या. सासूबाई, नवरा आणि ती, हिशेब कसाबसा जुळत होता, पण तिच्या मनातली रांग काही लागणार नव्हती.

रविवारी सासूबाई, म्हणजे उनाइसी, चर्चमधली टोपी घालून आणि पंखा हलवत आल्या. नारळाच्या दुधातला मासा, कसावा, अळूची भाजी, सगळं मांडलेलं होतं. त्यांनी एवढं मोठं पांढरं कापड पाहिलं, त्याच्या एका कोपऱ्यातल्या तीन ताटल्या पाहिल्या.

"सेमी सांगत होता डझनभर आणल्यास. बाकीच्या कुठायत?"

लितिआनाला एकदम रडूच कोसळलं. हुंदके देत तिने सगळं सांगितलं.

"रडतेस काय वेडे! चूक तुझीच आहे," उनाइसी म्हणाल्या. "नवी ताटली घरात आणलीस आणि टवके नाही उडवलेस?"

"टवके?"

"मग! माझ्या एनॅमलच्या ताटल्या लग्नाच्या वर्षीच्या आहेत. सगळ्या जागच्या जागी. आणल्या त्याच दिवशी दगड घेतला आणि एकेकीचा काठ ठेचून काढला. टवके उडालेली ताटली कोण मागतंय? वाइसाके, दगड आण!"

वाइसाकेने दगड आणला. उनाइसींनी टोपी मागे सारली आणि काठावर दणका घातला. दगडाचा तुकडा उडाला. ताटलीला काही नाही. मग ओट्याच्या पायरीवर आपटून झालं, वाइसाकेने कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून पाहिलं. आत मासा गार होत होता. कुंपणाशी शेजारी गोळा झाले आणि दर दणक्यागणिक ताटल्यांची कीर्ती वाढू लागली.

"आई, पुरे! सगळी आळी मागायला येईल," वाइसाके कळवळून म्हणाला.

उनाइसी धापा टाकत पायरीवर बसल्या. मांडीवरची ताटली त्यांनी पुसली. काठावरून बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिली. त्यांच्या नजरेत हळूहळू काहीतरी बदलत गेलं.

"काय मजबूत आहे गं!" उनाइसी म्हणाल्या. "पोरी... केरेकेरे."

 लितिआनाने डोळे पुसले, तिन्ही ताटल्या धुऊन आणल्या आणि दोन्ही हातांनी सासूच्या हातात दिल्या. पण ती तिथून हलली नाही. तशीच गुडघ्यांवर बसून राहिली.

"आई," ती म्हणाली, "केरेकेरे. तुमच्या त्या टवके उडालेल्या द्या ना. सगळ्या."

उनाइसींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. इतक्या वर्षांत त्या ताटल्या आजवर कुणी मागितल्या नव्हत्या, आणि नाही म्हणायची सोय सासूलाही नव्हती. त्यांनी सुनेकडे रोखून पाहिलं. मग इतक्या मोठ्याने हसल्या की शेवटी टोपी खाली पडली.

"घर लावायला येतं हो हिला!" त्या लेकाला म्हणाल्या. "जा, सायकल काढ आणि घेऊन ये सगळ्या. आणि वाटेत कुणी विचारलं तर तोंड उघडू नकोस मेल्या!"