शेवंतीचा पाय आणि रश्शाचं पातेलं

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही कोंबडी आहात. तळपायाला सुपारीएवढी सूज आलीय, तिच्यावर काळी खपली धरलीय आणि चप्पल काही तुमच्या नशिबात नाही. आता चाला बघू परसात! नाही ना जमत? आमची शेवंतीही अशीच एका पायावर उभी होती.

शेवंती म्हणजे माझ्या नातीची, अनुजाची कोंबडी. अनुजा तिसरीत. शेवंतीला तिनेच हातावर वाढवलेलं. पण अनुजाच्या आजीने निकाल देऊन टाकला होता.

"रविवारी मुरगूडचं पावणं येणार हाईत. तवर चालली तर चालली. न्हाय तर रस्सा!"

त्या दिवशी अनुजा जेवलीच नाही. मग मी छाती पुढे काढून म्हणालो, "अगं, चाळीस वर्षं वर्गातली पोरं सांभाळली. कोंबडीचा एक पाय तो काय!"

जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, कापाकापी करू नका. रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, पुसून मलम लावा, पट्टी बांधा आणि खाली कोरडा पेंढा घाला. हळद ही माझी स्वतःची भर. आता मला सवय अशी, की काहीही करायचं तर मोठ्याने शिकवतच करायचं. कोंबडी टॉवेलात गुंडाळायची, डोळे झाकायचे, अंधार झाला की ती गप बसते, आणि शेवटी मूठभर जोंधळे द्यायचे, म्हणजे ती रुसत नाही. अनुजा हे सगळं मन लावून ऐकत होती.

पाच दिवसांत सूज निम्म्यावर आली. तरी शेवंती पाय टेकेना. रविवार उजाडला, आजी मंडईत गेली, आणि नेमका प्लॅस्टिकचा टब फुटला. कोंबडी मावेल असं घरात एकच भांडं होतं, रश्शाचं मोठं पातेलं. तेच मागच्या ओसरीवर काढलं. शेवंतीला टॉवेलात गुंडाळून आत उभी केली आणि माझा तास सुरू झाला.

"पाणी कोमट. मीठ दोन चमचे. आता हळद."

भिंतीपलीकडे शेजारच्या बनाबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी डोकावून पातेलं पाहिलं, कोंबडी पाहिली, हळद पाहिली आणि लगबगीने आत गेल्या. आमच्या कोल्हापुरात ते पातेलं बाहेर निघालं की आमंत्रण लागत नाही. थोड्याच वेळात त्या ताटलीभर वाटण घेऊन दारात हजर. त्यांच्या मागोमाग माझे साडू आकाराम, मुरगूडहून आलेले, हातात भाकरीचं गाठोडं.

आकाराम रश्शातले दर्दी. ते पातेल्यावर वाकले. टॉवेलाच्या टोकाआडून शेवंतीने एक डोळा बाहेर काढला. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं.

"पावणं," आकाराम हळूच मला म्हणाले, "पिसं न काढताच घातलीसा व्हय?"

शेवंती किंचाळली. ती उडाली ती थेट वाटणाच्या ताटलीत, तिथून आकारामांच्या खांद्यावर, तिथून परसात! मी "पट्टी राहिली, पट्टी!" म्हणत मागे धावलो आणि अनवाणी पाय परसातल्या दगडी पाट्यावर असा आपटला, की मला दिवसा चांदणं दिसलं.

तेवढ्यात आजी भाजीची पिशवी घेऊन आली. शेवंती, अंगभर वाटण माखलेली, तिच्यासमोरून तुरुतुरु पळत गेली.

"दोन्ही पायांवर!" अनुजा ओरडली. "आजी, बघ की, दोन्ही पायांवर!"

आजीने आधी शेवंतीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग एका पायावर उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"कोंबडी चालाय लागली," ती म्हणाली, "आता हे लंगडाय लागलं."

रस्सा रद्द झाला. आकाराम मुकाट्याने भाकरी-ठेचा खायला बसले. शेवंतीला पुसून, पट्टी बांधून पेंढ्यावर ठेवली. मी खुर्चीत बसून अंगठा धरून कण्हत होतो.

तेव्हा अनुजा ते पातेलं घेऊन आली. कोमट पाणी, मीठ, हळद, सगळं माझ्याच आवाजात मोठ्याने सांगत तिने माझा पाय त्यात बुडवला. मला टॉवेलात गुंडाळलं. टॉवेलाचं टोक ओढून माझे डोळे झाकले. मी खरंच गप बसलो.

आणि शेवटी, मी रुसू नये म्हणून, तिने माझ्या हातावर मूठभर जोंधळे ठेवले.