तांबडा रस्सा आणि उदयसिंहाचे घोरणे

यंत्र बिघडले की लोक मेकॅनिक बोलावतात. माणूस बिघडला की कोल्हापुरात मला बोलवावे, असे माझे मत आहे. लोकांचे अद्याप झालेले नाही. मी केरबा चौगले. यंत्र अभियांत्रिकीची पदविका, प्रथम श्रेणी. उद्यमनगरातील एका फौंड्रीतून सन्मानाने निवृत्त. ओतीव लोखंडातील अदृश्य भेग मी नुसत्या आवाजावरून ओळखत असे. माणूस तर त्यामानाने फारच पोकळ वस्तू.

परवा सकाळी माझा शेजारी आणि शाळूसोबती उदयसिंह दारात उभा राहिला. चेहरा तजेलदार, डोळे टवटवीत. म्हणजे प्रकरण गंभीर होते.

"केरबा, मला झोप लागाय लागलीया."

"अभिनंदन."

"अभिनंदन कसलं, लेका! माझं मटण बंद व्हायची पाळी आलीया."

पूर्ववृत्त असे. बुधवारी आणि रविवारी मटण झाले की उदयसिंह रात्रभर कूस बदलत असे. त्याची सून संयोगिता हिने कुठेसे वाचले की, सोयाबीन खाणाऱ्या प्रौढांना झोप बरी लागते, असे काही अभ्यासांत दिसते. तिने दोन्ही वारी रश्श्यात मटणाऐवजी सोयाबीनच्या वड्या सोडल्या, आणि सासरा जेवणावरून उठताच घोरू लागला. आता येत्या रविवारपासून हा नियम कायमचा होणार होता.

"सोयाबीन आपण बाजारात घालाय पिकवतो, खायाला न्हाय!" उदयसिंह कळवळला. "झोपंचं खरं कारण हुडक. वडीला श्रेय मिळालं की मी मेलो."

मी सपाटी मोजायची पाणसळ घेऊन घटनास्थळी पोहोचलो. पलंगावर ती ठेवताच बुडबुडा सरकला. उशीकडची बाजू उंच!

"रक्ताभिसरणात फेरफार," मी जाहीर केले. "पलंगाखाली कुणीतरी वीट सरकवली आहे."

"मीच, भावजी," उदयसिंहाच्या पत्नी बनाबाई म्हणाल्या. "थोरल्याच्या बारशाला."

थोरल्याला आता टक्कल पडले आहे. सिद्धांत मागे घेतला.

स्वयंपाकघरात एका वाटीत संशयास्पद पांढरे वाटण आढळले.

"हे काय?"

"खसखस, काका," संयोगिता म्हणाली.

"गुंगी आणणारा पदार्थ! सापडलीस!"

"ती मटणाच्या पांढऱ्या रश्श्यातपण असायची की. तुम्ही वाट्यावर वाट्या प्यालाय."

तिसरा सिद्धांत अधिक धाडसी होता: उदयसिंह झोपतच नाही, झोपेचा अभिनय करतो. मूळ आरोपी तक्रारदारांतच दडलेला असणे, हे उच्च दर्जाच्या प्रकरणांचे लक्षण आहे. मी तसे म्हणताच उदयसिंहाने चप्पल शोधायला सुरुवात केली.

बनाबाई इतका वेळ लसूण सोलत होत्या. "भावजी, एक इचारू? मटणाच्या दिवशी जेवाय कोण कोण असायचं?"

"घरातील सर्व मंडळी. आणि मी."

"आन् वड्याच्या दिवशी?"

"मी तांत्रिक कारणास्तव अनुपस्थित."

"जेवल्यावर फौंड्रीच्या भट्टीपास्नं गोष्ट कोण लावायचं? ह्यांचा डोळा लागला की हलवून कोण उठवायचं?"

"मीच. गोष्टीतला मुद्दा महत्त्वाचा असे, वहिनी."

"व्हय की. मग झोप वड्या खाऊन आली, का तुम्ही न आल्यानं?"

मी पाणसळ पिशवीत ठेवली. वहिनींच्या तर्कात दोष नक्की असणार. मला तो सापडला नाही.

"म्हंजे काका आले न्हाईत तर मटण चालंल?" संयोगिताने विचारले.

उदयसिंहाने माझ्याकडे पाहिले, मग चुलीकडे पाहिले. शाळेपासूनची मैत्री होती; त्याने विचार केला, पण फार नाही.

"केरबा, तुला घरी डबा पाठवू की!"

रविवारी त्यांच्या खिडकीतून मटणाचा वास आला आणि पाठोपाठ डबा. तर्री लालभडक, वास निर्दोष. पहिल्याच घासाला दाताखाली वडी आली. मी डबा संपवला, बोलायला कुणी नव्हते म्हणून आडवा झालो, तो थेट सकाळीच जागा झालो.

डबा परत करायला गेलो. उदयसिंह अजून आत घोरत होता.

"काका, वड्यांनी झोप लागली का?" संयोगिताने विचारले.

"छे! रात्रभर टक्क जागा होतो. पुढच्या वेळी मटणच पाठव."

तिने माझा चेहरा क्षणभर निरखला.

"गालावर उशीचा वळ हाय, काका," ती म्हणाली आणि रिकामा डबा आत घेऊन गेली. "बुधवारी वड्या जरा जास्त घालते."