कुलूपवाले दाराबाहेर

गल्लीत चोऱ्या वाढल्या तेव्हा पोलिसांनी घरटी एक शिट्टी वाटली. कुणी संशयित दिसला की फुंकायची, बाकीचं आम्ही बघतो. गल्लीने अगदी मन लावून फुंकली. पेपरवाला, पोस्टमन आणि एका घरचा होणारा जावई असे तिघे पकडून झाले. चोर तेवढा राहिला. तो कुलूप कधी फोडायचा नाही, अलगद उघडून जायचा.

त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या कुलूपवाल्यांचा भाव वधारला होता. नुसत्या तारेनं कुलूप उघडणारा माणूस अशी त्यांची ख्याती. पण हल्ली त्यांचे हात कापत, आणि ही गोष्ट त्यांनी बायकोपासून, म्हणजे काकूंपासूनसुद्धा लपवली होती. थरथरत्या हातात कुलूप देणार कोण? घरात त्यांची कुरकुर वेगळीच असे.

"रोज अर्धाच कप चहा! चांगलाच हात आखडता घेतलायस."

"जास्त चहा बरा नाही," काकू एवढंच म्हणत.

त्या दिवशी ते दुपारच्या चहाला घरी आले, तर दाराला कुलूप. काकू बाजारात, आणि यांची किल्ली सकाळी बदललेल्या सदऱ्याच्या खिशात, म्हणजे घरात. त्यांनी तार काढली आणि दाराशी वाकले. तार कुलपाला सगळीकडे लागत होती, फक्त भोक सोडून.

समोरच्या घरातल्या बाई, म्हणजे निवृत्त शिक्षिका, चष्मा शोधत खिडकीशी आल्या. चष्मा सापडला नाही, शिट्टी सापडली. ती ऐकून सगळी गल्ली फुंकायला लागली आणि नुकतेच बदलून आलेले हवालदार धावत हजर झाले.

तोवर बाईंना चष्मा मिळाला होता. "अगंबाई! साहेब, सोडा त्यांना. हे आपले कुलूपवाले. कुठलंही कुलूप चुटकीसरशी उघडतात!"

"कुठलंही?" हवालदारांच्या भुवया वर गेल्या. "इथला चोरही तसाच उघडतो म्हणे."

"अहो, माझंच घर आहे हे!" कुलूपवाले म्हणाले.

"कशावरून? या गल्लीनं पोस्टमनला चोर म्हटलंय, हिच्या शब्दावर कोण जाणार? उघडून दाखवा. नाही उघडलं तर तुम्ही कुलूपवाले नाही. आणि उघडलं, तर चौकीवर बसून बोलू."

इकडे आड, तिकडे विहीर! पण कुलूपवाल्यांना चौकीची भीती नव्हती. चौकीतून माणूस परत येतो, गेलेलं नाव परत येत नाही. सगळी गल्ली बघत होती आणि हातातली तार काही केल्या स्थिर राहत नव्हती.

तेवढ्यात काकू पिशवी सावरत आल्या. त्यांनी गर्दी पाहिली, तार पाहिली, हात पाहिला.

"काय हो, हरलात ना पैज?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "साहेब, हे कुलूप यांनी स्वतः बनवलंय. किल्लीशिवाय ते बनवणाऱ्यालासुद्धा उघडत नाही!"

"बनवणाऱ्यालासुद्धा?"

"बघताय ना डोळ्यांनी?" काकूंनी किल्ली लावली आणि दार उघडलं.

गल्ली थक्क झाली. बाईंनी तिथल्या तिथे एक कुलूप सांगितलं, मग शेजारच्यांनी, मग त्यांच्या शेजारच्यांनी. हवालदार गर्दी पांगेपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, "एक चौकीलाही बघा. उरलेल्या शिट्ट्यांची पेटी गेली परवा."

आत येऊन कुलूपवाले खुर्चीत बसले. "पैज कधी लागली आपली?"

"आत्ताच."

"आणि तुला हे… कधीपासून माहीत?"

काकूंनी चहा केला आणि अर्धा कप पुढे ठेवला. कुलूपवाले त्या अर्ध्या कपाकडे बघतच राहिले. इतके दिवस आपण हिला चिक्कू म्हणत होतो!

"इतकी कुलपं आता बनवणार कोण?"

"तुम्हीच. तुम्ही सांगा, मी धरते."

कुलूपवाल्यांनी कप पुढे केला. "भर."

"सांडेल."

"सांडू दे."

काकूंनी काठोकाठ भरला. तो उचलताना थोडा बशीत सांडला, थोडा सदऱ्यावर, आणि दोघंही हसायला लागली. समोरच्या खिडकीत बाई उभ्या होत्या. आता डोळ्यांवर चष्मा होता, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी हातातली शिट्टी खाली ठेवली आणि हलकेच पडदा ओढून घेतला.